उन्हात बंद पडणारी जुनी कार्बोरेटरची गाडी: कार्बोरेटर खोलण्याआधी काय काय तपासायचं

आमच्या आर्वी तालुक्यात कार्बोरेटरच्या मारुती ८०० आणि ओम्नी अजूनही बऱ्याच चालत्या आहेत. माझी स्वतःची ८०० सन १९९७ ची. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी दारात येऊन उभा राहतो, "भाऊ, गाडी पुन्हा बंद पडली ना." बिघाड नेहमी तोच. सकाळी पहिल्या सेलला गाडी चालू होते, वीस-पंचवीस किलोमीटर सुरळीत जाते, मग झटके खायला लागते. रेस दिली तरी ओढत नाही आणि रस्त्याच्या कडेला येऊन बंद पडते. अर्धा तास कडुनिंबाखाली उभी केली की जणू काही झालंच नव्हतं अशी चालू होते. गॅरेजमध्ये नेली तर तिथे काहीच सापडत नाही, कारण तोवर ती थंड झालेली असते.

अशा वेळी बहुतेक जण पहिल्यांदा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, खोलतात किंवा खोलायला लावतात. मी आजवर जितक्या गाड्यांत हा दोष शोधला, त्यातल्या बहुतेकींचा कार्बोरेटर चांगला होता. दोष टाकीच्या झाकणापासून, टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या पंपापर्यंतच्या वाटेत होता. खोलल्यामुळे मात्र चांगला कार्बोरेटर बिघडला. कोणी जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या मापाच्या बारीक भोकात, तार घातली, कोणी हवेचा स्क्रू किती फेरे होता ते न मोजताच फिरवला. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: टाकीकडून सुरुवात आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

आधी एक खात्री करून घ्या. डॅशबोर्डजवळ चोक ओढायची नॉब असेल तर गाडी कार्बोरेटरची. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवली की मागच्या बाजूला टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. तिच्या लाइनमध्ये अडीच-तीन बारच्या आसपास दाब असतो आणि नळी सोडताच पेट्रोलचा फवारा अंगावर येतो. तशा गाडीला पुढचं काही लागू करू नका. ते काम मशीन लावून दाब मोजणाऱ्याचं आहे.

लक्षणं काय सांगतात

गाडी कधी आणि कशी बंद पडते हे लिहून ठेवा, अर्धा शोध तिथेच लागतो. थंड असताना ठीक, तापली की बंद, थांबली की पुन्हा चालू, असं असेल तर तीन संशयित: झाकणाचं श्वासछिद्र, नळीत उकळलेलं पेट्रोल, नाहीतर प्लगला करंट देणारी कॉइल. सपाट रस्त्यावर बरी, पण परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात चढताना किंवा ट्रक मागे टाकताना दम सोडते, तर पेट्रोल येतंय पण पुरेसं येत नाही. म्हणजे फिल्टर, टाकीतली जाळी किंवा पंप. नुसत्या आयडलला, म्हणजे रेस न देता, बंद पडते आणि रेसवर नीट चालते, तर दोष कार्बोरेटरच्या आयडलच्या वाटेत आहे आणि टाकीकडे जायची गरज नाही. काळा धूर, पेट्रोलचा वास आणि मायलेज एकदम पडलेलं असेल, तर पेट्रोल कमी नाही, जास्त येतंय. चोकची केबल अडकून कार्बोरेटरच्या तोंडावरचं हवेचं पटल मिटलेलं राहिलं आहे का ते आधी बघा. फुकटात सुटणारा प्रश्न आहे.

बंद पडल्यावरची पहिली पाच मिनिटं

खरी तपासणी रस्त्यावर, गाडी बंद पडल्याबरोबर होते. चावी बंद करा, उतरा आणि सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा. कान लावून ऐका. हवा आत ओढली जाताना 'सूंऽऽ' असा लांब आवाज आला आणि नंतर गाडी लगेच चालू झाली, तर दोष सापडला. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि एका मर्यादेनंतर पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. अर्ध्या तासात हवा हळूहळू कुठून तरी शिरते, म्हणून गाडी 'आपोआप' बरी होते.

शेजारच्या काकांच्या ओम्नीत हेच होतं. मूळ झाकण हरवलेलं, आणलेलं झाकण सैल, म्हणून त्याखाली कॅरीबॅगचा तुकडा दाबून बसवलेला. मी झाकण फिरवलं तेव्हा प्लॅस्टिक वाटीसारखं आत ओढलं गेलेलं होतं आणि मध्ये ताणून पांढरं पडलं होतं. बोट लावताच फाटलं आणि टाकीने पाच-सहा सेकंद हवा ओढली. त्याआधी एका गॅरेजमध्ये त्या गाडीचा पंप बदलून झाला होता. झाकण नीट बसणारं आणि श्वासछिद्र असलेलं घ्या. चिंधी, प्लॅस्टिक, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, यातलं काहीही खाली घालू नका.

झाकणाने फरक पडला नाही तर बॉनेट उघडा. इंजिन बंदच ठेवा. एअर फिल्टरचं झाकण काढून मोबाइलच्या टॉर्चने कार्बोरेटरच्या घशात बघा. चेहरा बाजूला ठेवा आणि काडी किंवा लायटर चुकूनही जवळ आणू नका. आता ॲक्सिलरेटरची केबल जिथे जोडलेली असते ती पट्टी हाताने झटकन दाबा. घशात पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे, तेव्हा पेट्रोलमागे न लागता करंट बघा. पिचकारी नाही, नुसतीच कोरडी हालचाल, तर वाटी रिकामी आहे आणि दोष मागे आहे. या एका बघण्याला पैसा लागत नाही आणि पुढचं निम्मं काम वाचतं.

करंट बघण्याचं काम पेट्रोलची कोणतीही नळी सोडायच्या आधी उरका. एक प्लग काढून त्याच्या वायरीत बसवा, प्लगचं धातूचं अंग इंजिनच्या लोखंडाला टेकवा, रबरी मुठीच्या पकडीने धरा आणि दुसऱ्या माणसाला सेल मारायला सांगा. निळसर, ठसठशीत ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी किंवा मधूनच गायब होणारी ठिणगी असेल तर कॉइल तापून दगा देतेय. तापल्यावर बसणारी कॉइल हुबेहूब पेट्रोलच्या दोषासारखी वागते. माझ्याच गाडीत मी दोन महिने पेट्रोलच्या नळ्या तपासत बसलो आणि निघाली कॉइल.

पेट्रोल आहे का, आणि ते पेट्रोलच आहे का

पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. टाकीतला तरंगता भाग अडकला की काटा पाव टाकी दाखवत राहतो आणि टाकी कोरडी असते. दोन लिटर ओतून बघा.

मग दर्जा. गावात दुकानात बाटलीतून मिळणारं पेट्रोल अडीअडचणीला ठीक आहे, पण बाटली आधी कशाची होती हे कोणी सांगत नाही. पेट्रोल पंपावर शंका आली तर फिल्टर पेपर मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. पेट्रोलचा एक थेंब पेपरवर टाकला की दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जायला हवा. डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्या. घनतेची नोंदही विचारता येते. पेट्रोलची घनता १५ अंश तापमानाच्या हिशेबाने घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान असते, आणि त्या दिवशी टँकरबरोबर आलेल्या आकड्यापेक्षा पंपावरचा आकडा ३ पेक्षा जास्त सरकलेला नसावा.

इथेनॉलचा मुद्दाही इथेच. सन २०२२ च्या मध्यात पेट्रोलमध्ये देशभरात १० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला गेला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. आपल्या गाड्यांच्या रबरी नळ्या, वायसर आणि डायाफ्राम (पंपातला लवचीक पडदा) त्यासाठी बनलेले नाहीत. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट ते वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि पंप नेमका तिथूनच ओढतो. शिवाय टाकीत वर्षानुवर्षं चिकटून बसलेला गाळ त्याने सुटतो. गाडी घरासमोर दोन-दोन महिने उभी राहणार असेल तर ही अडचण आणखी वाढते. पेट्रोल ताजं भरा, गाडी आठवड्यातून एकदा चालवा.

नळ्या

याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा. टाकीपासून पंपापर्यंतची नळी दाबाखाली नसते, ती ओढीखाली असते. म्हणून तिला चीर असली तरी पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. जमीन कोरडी, वास नाही, आणि गाडी मात्र झटके खाते. ट्रॅक्टर 'एअर घेतो' म्हणतात, तोच प्रकार.

रबरी नळीचा प्रत्येक तुकडा बोटांनी दुमडून बघा, विशेषतः क्लिपच्या कडेला. दुमडल्यावर बारीक भेगा उघडतात. नळी लाकडासारखी कडक झाली असेल किंवा लिबलिबीत होऊन फुगली असेल, तर बदला. उंदरांनी कुरतडलेली नळी तर मी कापूस घरात येतो त्या दिवसांत हमखास पाहतो. गाडी गोठ्याजवळ किंवा कापसाच्या गंजीशेजारी उभी असली की उंदीर बॉनेटमध्ये राहायला येतात.

आणि एक कळकळीची विनंती. फवारणीच्या पंपाची नळी पेट्रोलला लावू नका. आपल्याकडे ती घरोघरी पडलेली असते, मापात बसते, म्हणून लावली जाते. पेट्रोलने ती काही दिवसांत मऊ होते, पंपाच्या ओढीने आतून चिकटते आणि इंजिनच्या उष्णतेने सुटते. चालत्या गाडीत सुटली तर पेट्रोल थेट तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडतं. पेट्रोलसाठीचीच नळी मागा, इथेनॉलला टिकणारी मागा, आणि तारेऐवजी स्क्रूची क्लिप लावा.

फिल्टर

लाइनमधला प्लॅस्टिकचा छोटा फिल्टर चहा-नाश्त्याच्या खर्चात येतो. बदला, बाण पंपाच्या दिशेला ठेवून. पण जुना फेकू नका. तो उलटा करून स्टीलच्या वाटीत झटका आणि उजेडात बघा. लालसर चुरा म्हणजे टाकीला आतून गंज. काळा चिकट गाळ म्हणजे रबर विरघळतंय, परत नळ्यांकडे जा. पेट्रोलच्या खाली वेगळे लोळणारे गोल थेंब दिसले तर ते पाणी. नवा फिल्टर महिनाभरात पुन्हा भरला, तर फिल्टर बदलत राहण्यात अर्थ नाही, टाकी धुवावी लागेल.

ऊन

नवतपाच्या दिवसांत आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे असतो आणि डांबरालगतची हवा त्याहून तापलेली असते. पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांचं मिश्रण. त्यातले हलके भाग ३५-४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. त्यात पंप मागून ओढत असतो, म्हणजे त्या नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी, आणि दाब कमी झाला की उकळणं आणखी लवकर. आपल्या गाड्यांत पंप इंजिनलाच बसवलेला असल्यामुळे तो भट्टीशेजारी काम करतो. नळीत वाफेचा फुगा झाला की पंप नुसती वाफ दाबत-सोडत राहतो, पेट्रोल पुढे सरकत नाही.

ओळखायची रीत सोपी. गाडी बंद पडल्यावर दुपट्टा पाण्यात भिजवून, पिळून, पंपावर आणि त्याच्या दोन्ही नळ्यांवर ठेवा. पाच-सात मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा. गाडी चालू झाली तर वाफच होती. इंजिनवर बादली मात्र ओतू नका. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडून तडा जाऊ शकतो.

कायमचा इलाज दुपट्टा नाही. नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून जात असेल तर वाट बदला आणि तिच्यावर उष्णतारोधक वेष्टण चढवा. पंपाखाली आणि कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा जाड गॅस्केट असतो. कोणी पंप बदलताना तिथे साधा कागदी गॅस्केट घातला असेल तर तेच कारण. सायलेन्सरवरचा पत्रा काढून टाकलेला असेल तर परत बसवा. रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का बघा. पंपाला तिसरी बारीक नळी असेल तर ती जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेते. पेट्रोल फिरतं राहिलं की तापत कमी. एका गाडीत मला ही नळी बोल्ट घालून बंद केलेली सापडली. बोल्ट काढला, नळी जोडली, तो उन्हाळा गाडी एकदाही थांबली नाही. मे महिन्यात टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, भरलेलं पेट्रोल हळू तापतं.

पंप

इथून पुढे पेट्रोल उघड्यावर येतं. इंजिन पूर्ण थंड, गाडी मोकळ्या जागेत, जवळ कोणाची बिडी नाही, चूल नाही, सोबत दुसरा माणूस आणि हाताशी कोरड्या मातीची पाटी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत दूरच्या आगीपर्यंत जाते. एवढी तयारी जमत नसेल तर इथेच थांबा.

आधी ऑइलची पट्टी काढून हुंगा. पेट्रोलचा वास येतोय किंवा पातळी न भरता वाढलेली आहे, तर पंपाचा डायाफ्राम आतून फाटला आहे आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. सेल मारू नका, गाडी चालवू नका. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिनचे बेअरिंग जातात. पंप आणि ऑइल दोन्ही बदलूनच गाडी हलवायची.

वास नसेल तर कॉइलचा बारीक वायरींचा प्लग काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. पंपाकडून कार्बोरेटरला जाणारी नळी कार्बोरेटरच्या बाजूने सोडा, तिचं तोंड खोल डब्यात घाला आणि सेल मारायला सांगा. ठोक्याठोक्याने जाड धार यायला हवी. धार बारीक असेल तर पंपाला दोष देण्याआधी एक काम करा. डब्यावर झाकण लावून तो दूर नेऊन ठेवा. टाकीचं झाकण उघडा, फिल्टर काढा आणि टाकीकडून येणाऱ्या नळीत सायकलच्या हातपंपाने हळूच हवा मारा, दुसऱ्याला टाकीजवळ कान लावून बसवा. गुडगुड आवाज आला तर वाट मोकळी आहे आणि दोष पंपाचा. हवा जोर लावूनही जात नाही, किंवा हवा मारल्यावर गाडी दहा-पंधरा किलोमीटर छान चालून पुन्हा तशीच, तर टाकीतली जाळी गाळाने भरली आहे. कंप्रेसर लावू नका आणि नळी तोंडाने ओढू नका, पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

बॉनेटमध्ये पेट्रोलचा कॅन बांधून 'बघू चालते का' म्हणत गाडी रस्त्यावर नेणारे मी पाहिले आहेत. हे कधीही करू नका.

कार्बोरेटर, आणि कुठे थांबायचं

वाटीपर्यंत पेट्रोल जोरात येतंय, ठिणगी चांगली आहे, तरी गाडी नीट नाही, तेव्हाच कार्बोरेटरकडे बघा. न खोलता दोनच गोष्टी करा. चावी चालू-बंद करून आयडलच्या सोलेनॉइडची, म्हणजे करंटवर उघडणाऱ्या छोट्या झडपेची, टिक ऐका. टिक नाही तर आधी त्याची वायर बघा. आणि पेट्रोल बाहेर वाहत असेल तर पेचकसच्या मुठीने वाटीवर दोन-तीन हलक्या टिचक्या मारा, वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईत अडकलेला कण कधी कधी सुटतो. तेवढ्याने वाहणं थांबलं नाही तर सेल मारू नका. इथून पुढे कार्बोरेटरचं काम रोज करणारा माणूस हवा, कारण जेट, सुई आणि तरंगत्याची उंची हे मापाचं काम आहे.

टाकी उतरवून धुणं आणि तिला झाळ लावणं हेही घरचं काम नाही. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त घातक, कारण तिच्यात हवा आणि पेट्रोलची वाफ मिसळलेली असते. वेल्डिंगची एक ठिणगी आणि टाकी फुटते. टाकीचं काम करणारा माणूस ती आधी पूर्ण धुऊन वाफमुक्त करतो का, हे विचारल्याशिवाय देऊ नका. गाडीला गॅसचं किट असेल, वायर जळाल्याचा वास येत असेल, किंवा इंजिनवर पेट्रोल सांडलेलं दिसत असेल, तरीही पाना खाली ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

मिस्त्रीकडे जाताना सोबत एक कागद न्या. किती किलोमीटरनंतर बंद पडली, ऊन किती होतं, टाकीत किती पेट्रोल होतं, झाकण उघडल्यावर आवाज आला का, घशात पिचकारी उडाली का, ठिणगी कशी होती, ओल्या कापडाने फरक पडला का. आणि जुना फिल्टर वाटीत झटकल्यावर जे निघालं ते छोट्या काचेच्या बाटलीत बूच लावून न्या. माझ्या ओळखीचा मिस्त्री आधी ती बाटली उजेडात धरतो आणि मग बॉनेट उघडतो.